मधल्या खंडातली मुलगी

कादंबरी-मालिकेतला मधला खंड बहुधा कुणाचा लाडका नसतो. पहिल्या खंडात नवलाई असते, शेवटच्या खंडात निकाल असतो. मधल्याच्या वाट्याला नुसती ने-आण येते. नायकाला एका संकटातून दुसऱ्या संकटापर्यंत पोचवायचे, एखादे प्रेमळ पात्र मारायचे, शत्रूला थोडे बळ द्यायचे आणि वाचकाला अधांतरी ठेवून पुस्तक मिटायचे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कुमार-किशोरांसाठी इंग्रजीत अद्भुत कादंबऱ्यांचे जे अमाप पीक आले, त्यातले बरेचसे मधले खंड या मापाचे आहेत. पाने वाढतात, गोष्ट जागची हलत नाही.

आपल्याला हा प्रकार नवा नाही. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापलेली ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ आठवावी. मुहम्मद हुसेन जाह यांनी पहिले खंड लिहिले आणि पुढचे अहमद हुसेन कमर यांनी पूर्ण केले. त्या दास्तानचा बहुतेक ऐवज मधल्या खंडांचाच आहे. आज ही जादूगारीण चाल करून आली, उद्या ती. अमर अय्यारने आज याची दाढी भादरली, उद्या त्याची. ज्या घरांत उर्दू होती त्यांनी हे उर्दूत वाचले-ऐकले. ज्या घरांत मराठी किंवा दखनीच होती त्यांच्यापर्यंत हातिमताई आणि गुलबकावली मराठीतून आली. तेव्हा अद्भुतिका म्हणजे इंग्रजी शाळेतल्या मुलांचे खूळ आहे, असे समजण्याचे आपल्याला कारण नाही. कुठल्याही खंडापासून सुरुवात करावी, कुठेही थांबावे, ही सवय आपल्या आजी-आजोबांनाही होती.

या सवयीला धक्का देणारा एक मधला खंड आहे, आणि त्याविषयी आम्हाला सविस्तर लिहायचे आहे. उर्सुला के. ल ग्विन (१९२९–२०१८) या अमेरिकन लेखिकेची ‘अर्थसी’ मालिका तीन पुस्तकांत लिहिली गेली : ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८), ‘द टूम्स ऑफ अटुआन’ (१९७१) आणि ‘द फार्देस्ट शोअर’ (१९७२). तिसऱ्याला १९७३ साली अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. मधल्याला १९७२ साली न्यूबेरी पारितोषिकाच्या सन्मान-यादीत जागा मिळाली, म्हणजे पहिला क्रमांक नव्हे, उल्लेख. मधल्याचे नशीबच तसे. पुढे बऱ्याच वर्षांनी लेखिका या जगाकडे परतली आणि आणखी तीन पुस्तके झाली. त्यामुळे आज ‘टूम्स’ हा सहांतला दुसरा खंड आहे. पण तो लिहिला गेला तो तिहींतला मधला म्हणूनच, आणि त्याचे सारे मोल त्या मधल्या जागेत आहे.

पहिल्या खंडाची गोष्ट थोडक्यात सांगतो. अर्थसी म्हणजे समुद्रात विखुरलेल्या असंख्य बेटांचे जग. तिथे प्रत्येक वस्तूला आणि प्रत्येक जिवाला एक खरे नाव आहे, आणि ते नाव ठाऊक असणे हीच जादू. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावरचा गरीब घरचा पोर गेड हा जादूगार होतो, गर्वाने एक सावली मोकळी सोडतो आणि शेवटी तिला स्वतःचेच नाव देऊन तिच्यापासून सुटतो. या खंडाच्या सुरुवातीलाच गेडच्या गावावर कार्गाद देशाचे लुटारू चालून येतात. ते गोरे आहेत, पिवळ्या केसांचे आहेत, क्रूर आहेत. पोरगा गेड धुके उभे करून त्यांना चकवतो. वाचकाच्या लेखी हिशेब पक्का होतो : हे आपले, ते परके.

यानंतर कुठल्याही मालिकाकाराने काय केले असते? तरणाबांड जादूगार गेड पुढच्या मोहिमेवर निघाला असता. ल ग्विन तसे करत नाही. मधला खंड उघडतो तो सफरचंदाच्या बागेत, संध्याकाळी, त्याच लुटारूंच्या मुलखात. एक लहान मुलगी झाडांमधून धावते आहे. आई दारातून तिला हाक मारते : टेनार. बाप आईला म्हणतो, की तिच्यात एवढा जीव गुंतवू नकोस, ती आता आपली नाही. बस, दीड-दोन पानांचे हे पूर्वरंग. पुस्तकाच्या बारा प्रकरणांत गेडचे पाऊल पाचव्यात पडते, तेही चोराचे म्हणून. तोवर आपण शत्रूच्या घरात, शत्रूच्या मुलीबरोबर राहतो, आणि तिचे घर हेच जग समजू लागतो. ज्या वाचकाने पहिला खंड वाचला आहे त्याला भुयारातल्या त्या चोराचे नाव ठाऊक आहे, मुलीला नाही. ती त्याला उपाशी मारायला निघते आणि वाचकाला पानातून हात घालून तिला थांबवावेसे वाटते, पण तोवर तो तिच्याही बाजूचा झालेला असतो. मधल्या खंडाखेरीज ही कोंडी उभी करणे शक्य नव्हते. पहिल्यात ती झाली असती तर गेड आपला नसता. शेवटच्यात झाली असती तर मुलीसाठी वेळ उरला नसता.

आता त्या ठिकाणाविषयी. अटुआन बेटाच्या वाळवंटात फार जुन्या, बेनाम, काळोख्या शक्तींची थडगी आहेत. त्यांची एकच महापुजारीण. ती मरते तेव्हा, ती पुन्हा जन्मली असे मानून, त्याच रात्री जन्मलेली मुलगी शोधतात. पाच वर्षांची झाली की आईपासून तोडून आणतात, वर्षभर शिकवतात, आणि मग एका विधीत तिचे नाव काढून घेतात. पांढऱ्या वेषातला माणूस तिच्या मानेवर तलवार उगारतो, काळ्या वेषातला त्याला अडवतो. त्या क्षणापासून ती टेनार राहत नाही. तिला अर्हा म्हणतात. अर्थ – गिळून टाकलेली. मराठी वाचकाला इथे मुरळी आणि देवदासी आठवल्यावाचून राहत नाहीत. महाराष्ट्राला मुली वाहण्याच्या प्रथेविरुद्ध नवा कायदा करायला २००५ साल उजाडावे लागले, हेही आठवते. नेपाळच्या कुमारीची आठवण येते, तिबेटमधल्या अवतारी बालकांच्या शोधाची येते. मानववंशशास्त्रज्ञ अल्फ्रेड क्रोबर यांची ही मुलगी. माणसे श्रद्धेभोवती घरे कशी बांधतात, याचे निरीक्षण तिच्या लिखाणात पानोपानी आहे.

ते घर तिने फार बारकाईने बांधले आहे. भिंतीच्या आत फक्त बायका, मुली आणि ख्वाजासरा. विणणे, कातणे, भाजी खुरपणे, स्तोत्रे पाठ करणे. एकसारखे दिवस, एकसारखे जेवण. मानान नावाचा थोराड, कुरूप ख्वाजासरा त्या मुलीवर आईसारखी माया करतो. थार नावाची एक पुजारीण कडक पण न्यायी आहे. कोसिल नावाची दुसरी आहे, तिच्याविषयी पुढे. आणि पेंथे नावाची गोबऱ्या गालांची, हसरी, खाण्यावर प्रेम करणारी मैत्रीण आहे. दोघी भिंतीवर बसून गप्पा मारतात तेव्हा पेंथे सहज बोलून जाते, की देव-बीव काही खरे वाटत नाहीत. अर्हा हादरते. पेंथेला त्यात काहीच विशेष वाटत नाही. इतकी साधी, न पेटलेली नास्तिकता कुमारांच्या पुस्तकात आम्ही दुसरीकडे पाहिलेली नाही. पेंथे बंड करीत नाही, वाद घालत नाही. तिला फक्त भूक लागलेली असते.

आणखी एक तपशील. कार्गाद लोक लिहीत नाहीत. लिहिणे-वाचणे ही त्यांच्या लेखी काळी विद्या. म्हणजे अर्हाकडे जे काही आहे ते कुणीतरी तिच्या कानात सांगितलेले आहे; ते ताडून पाहायला तिच्याकडे दुसरे साधन नाही. भुयारातल्या चक्रव्यूहाचे वळण न् वळण ती तोंडपाठ करते : इतकी दारे सोडायची, मग डावीकडे. दिवा लावायला तिथे मनाई आहे. स्वतःच्या राज्यात ती चाचपडत हिंडते आणि आपल्याला सगळे ठाऊक आहे अशा समजात असते. मुलीला शाळेतून काढून चार ओव्या किंवा चार दुआ पाठ करवून घेतल्या की तिचे शिक्षण पुरे झाले, असे मानणारी घरे सगळ्याच समाजांत आहेत, आपल्याही मोहल्ल्यात आहेत. त्यांनी हा भाग वाचायला हवा. वाचणार नाहीत, हेही आम्हाला माहीत आहे.

इथेच एका धोक्याविषयी बोलले पाहिजे, कारण तो आपल्याच वाचकाला सर्वांत जास्त आहे. भिंतीआड कोंडलेल्या बायका, वाळवंट, काळे कपडे, ख्वाजासरा, आणि बाहेरून आलेला एक पुरुष जो तिथल्या तरुणीला सोडवून नेतो. हे चित्र आपल्याला फार ओळखीचे आहे, आणि ते चित्र काढणाऱ्यांचा अनुभव आपल्याला चांगला नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीने रेडिओवरून अफगाण स्त्रियांच्या मुक्तीचा हवाला युद्धाच्या समर्थनार्थ दिला होता. त्यावर लैला अबू-लुघोद या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी २००२ साली लेख लिहून विचारले, की मुस्लिम स्त्रियांना खरोखर कुणी वाचवायला हवे आहे काय. पुढे २०१३ साली त्याचे पुस्तकही झाले. तो प्रश्न मनात घेऊन ‘टूम्स’ वाचले तर काय होते?

आमच्या मते पुस्तक त्या परीक्षेत बहुतांशी उतरते, आणि त्याची कारणे पुस्तकातच आहेत. पहिले कारण रंगाचे. या गोष्टीत कोंडलेली मुलगी गोरी आहे आणि बाहेरून आलेला माणूस काळासावळा, तांबूस तपकिरी कातडीचा आहे. लेखिकेने हे ठरवून केले होते. प्रकाशकांनी कितीतरी वर्षे मुखपृष्ठावर गोरा गेड छापला. २००४ साली अमेरिकन दूरचित्रवाणीने पहिले दोन खंड एकत्र कालवून जी मालिका काढली तीतही गेड गोराच होता, आणि लेखिकेला लेख लिहून जाहीर निषेध करावा लागला. दुसरे, ते वाळवंट अरबस्तान नव्हे. लेखिका ओरेगॉन राज्यात राहत होती. त्या राज्याच्या पूर्वेकडच्या रुक्ष, ओसाड मुलखाच्या प्रवासातून अटुआनचे दृश्य सुचले, असे तिने सांगितले आहे. गोऱ्या माणसाने आपल्याच अंगणातल्या ओसाडीकडे पाहून ही भिंत उभी केली आहे.

पण खरे कारण तिसरे आहे. सोडवणारा इथे आधी स्वतःच कोंडला जातो. गेड चोरून भुयारात शिरतो तो तिला वाचवायला नव्हे; एरेथ-अक्बेच्या तुटलेल्या कड्याचा अर्धा भाग तिथल्या खजिन्यात आहे, तो न्यायला. अर्हा त्याच्या काठीचा उजेड पाहते. जिथे उजेडाला बंदी आहे तिथे पहिल्यांदा उजेड पडतो, आणि ज्या गुहेत ती आंधळेपणाने वावरत होती तिच्या भिंती स्फटिकांनी लखलखत असतात. तिला राग येतो. ती लोखंडी दार लावून घेते. त्यानंतर वरच्या झरोक्यांतून ती त्याला तडफडताना पाहते, त्याला चुकीच्या वाटा सांगते, तो तहानेने कोसळतो, आणि मगच ती पाणी नेते. त्याची जादू सगळी त्या काळोखाला थोपवण्यात खर्ची पडते आहे. तिच्या पाण्याशिवाय तो मरेल. त्याने दिलेल्या नावाशिवाय ती बाहेर पडू शकणार नाही. दोघांपैकी एकालाही एकट्याने दार सापडत नाही.

दास्तानमध्ये हा प्रसंग कसा होतो, ते आठवून पाहावे. होशरुबात महरुखसारखी, बहारसारखी जबरदस्त जादूगारीण अफ्रासियाबला सोडून अमीर हमझाच्या बाजूला येते. येते आणि लष्करात सामील होते. दुसऱ्या दिवशी ती कालच्या आप्तांशी लढते. काल तिने कुणाला मारले, कुणाची पूजा केली, रात्री तिला झोप लागते का, हे दास्तानगो विचारत नाही. त्याला पुढची लढाई सांगायची घाई असते. तो त्याचा दोष नव्हे, त्या प्रकाराचा तो धर्मच आहे. ल ग्विनने त्या दोन दिवसांच्या मधली रात्र घेतली आणि तिचे पुस्तक केले. बाजू बदलणे हा इतर ठिकाणी एका वाक्याचा मजकूर असतो. इथे तो पुस्तकाचा विषय आहे.

ती रात्र सोपी नाही, याला एक भीषण कारण आहे. अर्हा निष्पाप नाही. पंधराव्या वर्षी तिच्या हाती अधिकार येतो आणि देवराजाने पाठवलेल्या तीन कैद्यांना कसे मारायचे हे तिला ठरवायला सांगतात. ती ठरवते : अन्न नाही, पाणी नाही, उजेड नाही. तिच्या तोंडून तो हुकूम निघतो आणि माणसे तशी मरतात. नंतर तिला स्वप्ने पडतात, ती आजारी पडते, पण हुकूम तिचाच होता. अशी पुस्तके बळी पडलेल्या मुलीला धुऊन-पुसून स्वच्छ दाखवतात. ल ग्विन असे म्हणत नाही की ती बिचारी होती, तिला काय कळत होते. जिच्यावर अन्याय झाला तिच्या हातूनही अन्याय झाला. दोन्ही खरे आहेत. आपल्या साहित्यात सोसणाऱ्या मुस्लिम स्त्रीची पात्रे पुष्कळ झाली. तलाक झालेली, सवत आलेली, पडद्यात घुसमटलेली. ती लिहिली गेली हे चांगलेच झाले. पण सोसणारीच्या हातात थोडीशी सत्ता आली, ती सासू झाली, वॉर्डातून निवडून आली, मदरशाच्या कमिटीवर बसली, तर ती त्या सत्तेचे काय करते, हे लिहिण्याचे धाडस आपण कमी वेळा केले आहे. या मधल्या खंडातून घेण्यासारखे काही असेल तर ते इथे आहे.

आता कोसिल. ती देवराजाची पुजारीण. कधी काळी या मुलखात बेनाम शक्ती थोर होत्या. मग बंधुदेव आले. मग राजा स्वतःच देव झाला. जुन्या सिंहासन-मंदिराचे छत गळते आहे, देवराजाच्या देवळाचे खांब मात्र वरचेवर नव्याने रंगतात. लेखिका हे कुठेही फोडून सांगत नाही. डागडुजी कुठे होते आणि कुठे होत नाही एवढेच दाखवते. कोसिल विधी चोख करते, आणि तिचा कशावरही विश्वास नाही. एके दिवशी अर्हा तिला भुयारात गाठते : कोसिल हातात पेटती मेणबत्ती घेऊन, खोटी कबर उकरून पाहते आहे. जिथे काडी पेटली तर देव भस्म करतील असे अर्हाला लहानपणापासून सांगितले होते, तिथे मेणबत्ती शांतपणे जळते आहे आणि काही होत नाही. अर्हाची श्रद्धा गेड मोडत नाही. ती कोसिल मोडते. बाहेरच्या माणसाच्या युक्तिवादाने जे झाले नसते ते आतल्या माणसाच्या ढोंगाने एका क्षणात होते. हा प्रसंग आम्हाला सगळ्या मालिकेत श्रेष्ठ वाटतो. धर्माचा व्यवहार करणारा अश्रद्ध माणूस श्रद्धावंताचे जे नुकसान करतो ते परका कधी करू शकत नाही, हे आपण मशिदीच्या विश्वस्तांच्या भांडणांतून पाहिले आहे आणि इतरांनी आपापल्या देवस्थानांत पाहिले आहे.

त्यानंतर अर्हा रडत गेडकडे येते : ते देव नाहीतच, मेलेत, सगळे खोटे होते. कुणीही सुधारक लेखक इथे मान डोलावेल. गेड नाही म्हणतो. त्याच्या बोलण्याचा सारांश असा, की त्या शक्ती आहेत, या जागेत मला त्यांचे ओझे क्षणोक्षणी जाणवते. काळोख, नासाडी, वेड यांच्यासारख्या त्या खऱ्या आहेत. त्या नाकारू नयेत, विसरू नयेत, पण त्यांच्यापुढे वाकूही नये. आपल्या वाचकाला इथे हजरत इब्राहीम आणि मूर्ती आठवतील, आणि तौहीदचा अर्थ या पानांवर चढवण्याचा मोह होईल. तो आवरावा. ल ग्विनचा कल चिनी ताओ विचाराकडे होता. १९९७ साली तिने ‘ताओ ते चिंग’ची स्वतःची इंग्रजी आवृत्तीही काढली. तिला मूर्तिभंजक नको आहे. तिला एवढेच म्हणायचे आहे, की जी मुलगी दहा वर्षे एका गोष्टीची सेवा करत आली तिला ‘तुझी दहा वर्षे म्हणजे मूर्खपणा होता’ असे सांगून मोकळे करता येत नाही. ती दहा वर्षे कशाची होती, हे तिला सांगावे लागते.

मग तो तिला तिचे नाव सांगतो. टेनार.

इथे एक आडवळण. पळून जाताना डोंगरात गेड तिला आपली कला दाखवतो : एका सशाला खऱ्या नावाने हाक मारतो आणि ससा जवळ येतो. मग असेच बोलावून त्याचे जेवण का करू नये, असा विषय निघतो. गेडला ते पटत नाही, नावाने बोलावून मारणे म्हणजे विश्वासघात. प्रसंग हलकाफुलका आहे, पण टेनारलाही त्याने नावानेच बोलावले आहे. तिचे काय करणार आहे तो? ती विचारतेच. आणि उत्तर तिच्या मनासारखे नसते. तो तिला हॅवनॉरच्या राजनगरात नेईल, कडे जगाला दाखवील, मग आपल्या गुरूपाशी, गाँट बेटावरच्या ओगियनकडे पोचवील. स्वतः थांबणार नाही, त्याला इतर कामे आहेत. मुक्तिदात्यांचे हे फार खरे चित्र आहे. समुद्रकाठी तो डोळे मिटून बसलेला असताना टेनार सुरा हातात घेते. मानान आठवतो, जो तिला वाचवताना भुयारातल्या खोल खड्ड्यात पडला. ते तीन कैदी आठवतात. स्वातंत्र्य मिळाल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती ज्याने ते दिले त्याला मारायला निघते, आणि मारत नाही, आणि रडते. पहिल्यांदाच मोकळे आकाश मिळालेल्या माणसाला आनंदाच्या आधी काय होते, हे कुमारांना इतके खरे सांगणारी पाने थोडी आहेत.

दोषही आहेत, आणि ते लहान नाहीत. हॅवनॉरमधला प्रवेश घाईने उरकला आहे. टेनारच्या हातात जोडलेले कडे आहे, त्यावर शांततेचे हरवलेले चिन्ह पुरे झाले आहे, गर्दी जमली आहे. पण तिची भाषा तिथे कुणाची नाही, तिचा रंग लुटारूंचा आहे. या गर्दीने तिला कसे पाहिले असेल? या प्रश्नाजवळ पुस्तक थांबत नाही. तिसऱ्या खंडात तर ती नाहीच. राजाच्या गादीची, मृत्यूच्या मुलखाची, पुरुषांची ती गोष्ट आहे. जिने शांततेचे चिन्ह आणले ती कुठे गेली, याची चौकशी करायला लेखिकेला अठरा वर्षे लागली. १९९० साली आलेल्या ‘तेहानू’त टेनार मध्यमवयीन विधवा आहे, शेतकऱ्याची बायको होती, मुले मोठी झाली आहेत, आणि तिने एक भाजलेली, टाकून दिलेली पोर सांभाळायला घेतली आहे. जादूगारांच्या शाळेत बाईला जागा का नाही, हे ती विचारते. स्त्री ही वीरकथेची नायिका कशी असेल याचे नमुनेच त्या काळी हाताशी नव्हते, असे लेखिकेने पुढे ‘टूम्स’विषयी म्हटले आहे. हे म्हणणे प्रामाणिक आहे, पण आमचे पूर्ण समाधान होत नाही. रुकैया सखावत हुसेन या आपल्या बंगाली बहिणीने १९०५ साली ‘सुल्तानाज ड्रीम’ लिहून बायकांना रस्त्यावर आणि पुरुषांना मर्दान्यात पाठवले होते. नमुना होता, तो ओरेगॉनपर्यंत पोचला नव्हता, एवढेच.

‘द अदर विंड’ (२००१) या शेवटच्या कादंबरीत मधल्या खंडाचे देणे फेडले जाते. कार्गाद देशाची राजकन्या सेसेराख हॅवनॉरच्या तरुण राजाकडे पाठवली जाते, नखशिखान्त लाल बुरख्यात. राजा चिडतो, हे गाठोडे आपल्या गळ्यात मारले आहे असे त्याला वाटते. म्हातारी टेनार तिच्याजवळ बसते आणि तिच्या बोलीत बोलू लागते. बुरखा काढ, असे ती आधी म्हणत नाही. आधी विचारपूस होते, भीती कळते, भाषा शिकणे सुरू होते. कार्गाद लोकांची मृत्यूविषयीची जी समजूत अर्थसीचे शहाणे जादूगार अडाणी मानत आले, तीच या खंडात अधिक खरी ठरते, आणि जादूगारांना आपली चूक निस्तरावी लागते. १९७१ साली त्या भिंतीच्या आत जाऊन लेखिकेने राहून पाहिले नसते तर २००१ साली हे लिहिता आले नसते.

ज्या घरात तेरा-चौदा वर्षांची मुलगी आहे आणि जिला इंग्रजी वाचता येते, तिथे ही मालिका कुठून द्यावी? क्रमाने दिली तर उत्तम. गेड आधी कळला तर भुयारातल्या चोराची किंमत कळते. पण फूटपाथवर एकच खंड मिळाला आणि तो मधला असला, तरी निःशंक घ्यावा. एकशेसाठ-सत्तर पानांत तो स्वतःच्या पायावर उभा राहतो. वाचून झाल्यावर मुलगी एक प्रश्न बहुधा विचारील, आणि त्याचे उत्तर या खंडात मिळत नाही. धरणीकंपात सिंहासन-मंदिर कोसळले, थडग्यांचे दगड पडले, अर्हा डोंगर ओलांडून निघून गेली. भिंतीच्या आत ज्या इतर मुली होत्या, कातत होत्या, खुरपत होत्या, त्यांच्यासाठी कुणी आले नव्हते. ज्या पेंथेला या सगळ्यातले काहीच कधी खरे वाटले नाही, ती त्या सकाळी कुठे होती?